हलू नका

१

दिवसभरात मी जितक्या वेळा "हलू नका" म्हणते, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना मोक्ष मिळाला असता. पण गोंदियाजवळच्या कुडव्यात फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे मोक्षाला सवड नाही. शाळेचे फोटो, बँकेचे, पेन्शनचे. माणूस स्टुलावर बसला की नेमकं तेव्हाच त्याचं नाक खाजतं. "काकाजी, हलू नका." "भैया, हिलो मत." फोटो मी काढते, पुढचं कॉम्प्युटरचं काम माझा नवरा प्रफुल करतो. तो गोंदियाच्या बाजारात वाढलेला, अर्धा हिंदीत बोलणारा. मी टीना, केशोरीची. माझ्या तोंडून "का"ऐवजी एखादं "काऊन" निसटलं की दिवसभर तेच धरून चिडवतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याची हौस फिटलेली नाही.

आमचा खरा धंदा तेरवीचा. खेड्यात माणूस जातो, तेरवीला हार घालायला फोटो लागतो, आणि घरात धड फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा चेहरा, नाहीतर कुणाच्या लग्नात मागच्या रांगेत अर्धा कापलेला. मग आम्ही चेहरा तेवढा कापून घेतो आणि खाली अंग लावतो. कॉम्प्युटरात अंगांचा एक फोल्डरच आहे. कोटाचं अंग, शालीचं अंग, लुगड्याचं अंग. जन्मभर धानाच्या बांधीत चिखल तुडवलेला माणूस भिंतीवर कोट घालून बसतो आणि घरच्यांना बरं वाटतं. यात मला कधी वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नियम एकच, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. तेरवीच्या अंगावर जिवंत माणसाचा चेहरा लावायचा नाही, गमतीतसुद्धा नाही.

२

होळी झाल्यावर ईश्वरदासजी आले. केशोरीचे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे म्हातारे. तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालणाऱ्या कोहळी घराण्यातले. त्यांनी थैलीतून एक लाकडी पेटी काढली. आत पेपरात गुंडाळलेल्या पाटीएवढ्या काचा होत्या.

"आमच्या आज्याच्या होत," ते म्हणाले. "नातू म्हनते फुटून जाईन, कॉम्प्युटरात टाकून ठेवा. आजा तिकडं समिंदराकडं मातीकामाले गेलता, पार बांधाले. तिथून आनल्या त्यानं."

तलावाची पाळ बांधणारा माणूस बंदराची पाळ बांधायला नेला असेल, त्यात नवल नव्हतं. काचेवरचे फोटो मात्र मी पहिल्यांदाच हातात धरत होते. काळं आभाळ, पांढरी जहाजं, सगळं उलटं. प्रफुलने एकेक काच स्कॅन केली, पडद्यावर सुलटी केली, आणि आमच्या त्या खुराड्याएवढ्या दुकानात एक अख्खं बंदर उभं राहिलं. शिडाची जहाजं, डोलकाठ्यांचं रान, जाळ्यासारखे दोर. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. नवेगाव बांध हेच आमचं मोठ्यात मोठं पाणी.

"एवढं बड़ा बंदर, आणि आदमी एक पण नाही?" प्रफुल म्हणाला.

तेव्हा मला शहाणपणा करायची संधी मिळाली. सासऱ्यांनी मला शिकवलं होतं ते मी त्याला सांगितलं. पहिल्या काळात काच फार सावकाश फोटो धरायची. भिंग उघडून कितीतरी वेळ थांबावं लागायचं. जे स्थिर ते उमटायचं, जे हललं ते पुसलं जायचं. म्हणजे हमाल आहेत, नावाडी आहेत, सगळे आहेत. चालत होते म्हणून दिसत नाहीत. पाणी बघ कसं सायीसारखं झालंय. नांगरलेली जहाजंसुद्धा डुलतात, म्हणून काठ्या दुहेरी आल्यात.

"मग हा?" प्रफुलने बोट ठेवलं.

लांब दगडी धक्क्याच्या टोकाशी एक माणूस उभा होता. धोतर, अंगरखा, डोक्याला पागोटं. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. प्रफुलने मोठा करून बघितला तर अंगरख्याच्या बंदांची गाठसुद्धा दिसत होती. सगळ्या फोटोत तो एकटाच कोरून काढल्यासारखा स्पष्ट होता. चेहरा तेवढा नव्हता. पागोट्याच्या सावलीत काचेवर काहीच उमटलं नव्हतं.

"पुतला होगा."

"गुडघ्यापर्यंत भिजलेला पुतळा?"

प्रफुल हसला. मीही हसले. पण माणूस उभा राहिला तरी श्वास घेतो, छाती हलते, पागोट्याचं टोक वाऱ्यावर उडतं. मी रोज माणसांना स्थिर बसवते, मला ठाऊक आहे. कुणीच इतकं स्थिर नसतं. जे चेहरे आमच्याकडे तेरवीला येतात, त्यांचे मालक सोडले तर.

३

दरेकशाहून रुख्माबाई आली, सकाळच्या गाडीने. तिचा नवरा मनिराम गेला होता. हातात त्याचा रेशनकार्डावरचा फोटो.

"कोट नोको वो बाई," ती म्हणाली. "कोट घातला तं मलेच वळखू येनार नाही. धोतरावरचा पाह्यजे, उभा."

आमच्या फोल्डरात धोतराचं उभं अंग नव्हतं. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी दुपारी एका साखरपुड्याचे फोटो काढून परत आले, तर पडद्यावर धक्क्यावरचा माणूस होता आणि त्याच्या मानेवर प्रफुलचा चेहरा.

"हे काय केलंस तू?"

"अगं, गर्दन बैठती का ते बघत होतो. मनिरामचा फोटो धुरकट आहे, माझा समोर पडला होता."

"काढ आधी."

"डर गई क्या? काऊन भेऊन राहिलीस वो?" त्याने माझीच बोली माझ्यावर उलटवली.

मी खरंच चिडले. सासऱ्यांचं नाव काढलं, तेव्हा त्याने ती फाइल पुसली. रागाच्या भरात एक गोष्ट मी नीट बघितली नाही, ती नंतर आठवली. आमच्या धंद्यात जोड दिसतोच. कितीही कारागिरी करा, हनुवटीखाली एक रेघ राहतेच. तिथे ती नव्हती. उजेडही त्याच बाजूने पडलेला होता. मान डावीकडे किंचित कललेली होती, प्रफुलची कॉम्प्युटरवर वाकून वाकून कलते तशीच.

मग त्याने मनिरामचा चेहरा लावला, तो काही केल्या बसेना. शेवटी तसाच छापून दिला.

४

तेरवी आटोपून रुख्माबाई फ्रेम घेऊन परत आली. काचेच्या आतून पांढरी खपली चढली होती. मी म्हटलं ओल धरली असेल. तिने फ्रेम उघडून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"मीठ होय वो."

"भिंतीचं असेल, लोणा लागतो भिंतीला."

"भिताळ कोरडी हाय माही." तिने फ्रेम माझ्याकडे सरकवली. "आन् हा माहा मानूस नोहे. माहा मानूस मेला. हा तं वाट पाहून राहिला कोनाची तरी."

मी तिला शालीच्या अंगावर नवा फोटो करून दिला. ती समाधानाने गाडीला गेली. वाट पाहून राहिला, हे शब्द मात्र दुकानात राहिले. चांगली बीएससी झालेली बाई मी, पण त्या दिवशी काचांच्या पेटीवर एक वीट ठेवून दिली.

त्याच सुमाराला प्रफुल थांबायला लागला. दुसरा शब्द मला सुचत नाही. हात माऊसवर, डोळे पडद्यावर, आणि चहावर साय धरलेली. "पुतळा झाला का तुझा?" म्हटलं की जरा वेळाने "हं?" करायचा.

"कुठं होतास?"

"आवाज येत होता."

"कसला?"

"पानी का. आणि रस्सी करकरते ना, वैसा."

आमच्या कुडव्यात एप्रिलात नळ एक दिवसाआड येतो. मी तसं म्हटलं, तो हसला नाही. ज्या माणसाने माझ्या प्रत्येक टोमण्याला वरचढ टोमणा दिला तो नुसता बघत राहिला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरकडे नेलं. शुगर ठीक, बीपी ठीक, मोबाइल कमी बघा. घरी येऊन तो दारात चप्पल काढायला एक पाय उचलून उभा राहिला. मी पाणी भरलं, पोळ्या केल्या, भाजी फोडणीला टाकली. बाहेर आले तर पाय तसाच उचललेला. गालावर एक डास बसला होता. तो पोटभर प्यायला, फुगला आणि आपल्या मनाने उडून गेला. प्रफुलची पापणीही लवली नाही.

मी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "हल ना! हल!" तो भानावर आला. त्या दिवसापासून मी त्याला सुखाने बसू दिलं नाही. भाजी आण, गॅलरी झाड, गाडी पूस. सासूबाई शांतीबाई म्हणाल्या, सून नवऱ्याला राबवून घेते. म्हणू देत. दुकानात गिऱ्हाइकाला हलू नका आणि नवऱ्याला हल, हल, असा माझा दिवस चालला होता.

५

काचा परत करून टाकायच्या ठरवल्या. पेटी उघडून एकेक काच उजेडावर धरली. त्या माणसाच्या काचेवर डाग पडला होता. तो उभा होता तिथून धुरासारखा एक पट्टा धक्क्यावरून पुढे, म्हणजे फोटो काढणाऱ्याकडे, सरकला होता.

बुरशी, मी स्वतःला सांगितलं. धानाच्या मुलखात बुरशी कशावर चढत नाही? आमच्याकडचं एकही जुनं निगेटिव्ह त्यातून सुटलेलं नाही. मी सवयीने कापूस घेऊन पुसायला लागले. निघेना. तो डाग काचेवर नव्हता, फोटोत होता. दुसऱ्या दिवशी पट्टा आणखी लांब होता आणि माणूस फिका. स्कॅन केलेल्या फाइलशी ताडून बघितलं. फाइलीत तो अजून कोरल्यासारखा उभा होता. फाइल तरी पुसून टाकावी म्हणून पुसली. काचेवर फरक पडला नाही.

प्रफुलला स्कूटीच्या मागे बसवून मी थेट केशोरी गाठली. घरी एकटं ठेवायची हिंमत नव्हती. ईश्वरदासजी तलावाच्या पाळीवर आंब्याखाली बसले होते. प्रफुल गाडीजवळ उभा राहिला, तसाच. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्या काचा परत घ्या, काकाजी."

"आता कायले? तुमच्या घरी लागल्या त्या."

"लागल्या म्हणजे काय?"

म्हाताऱ्याने तंबाखू मळली. "आजा एकटा नाही गेलता. दोघं भाऊ गेलते. एक आला. आजी सांगे, जो आला तो भलता कामाचा. घडीभर बसत नव्हता. ही पार त्यानंच बांधली. पन रातदिस हिच्यावरून चाले, ठयरलेला कोनी पाह्यला नाही त्याले."

"आणि दुसरा?"

"दुसरा तिथीच राह्यला," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघायला लागले. "आजीले पक्कं समजलं नाही कधी, कोनता आला तं."

मी पेटी त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला भांडता आलं नाही.

६

दुपारची वेळ. लाइट गेली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अर्धं शटर ओढून मी प्रफुलला स्टुलावर बसवलं होतं. ज्या स्टुलावर गिऱ्हाईक बसतं, त्याच. मागे निळा पडदा. दोन दिवस तो एक शब्द बोलला नव्हता. तोंडात घास दिला की गिळत होता, एवढंच.

मी काच काढून शटरखालच्या उजेडावर धरली. धक्का रिकामा होता.

माणूस नव्हता. पट्टा काचेच्या पुढच्या कडेपर्यंत आला होता आणि तिथे संपला होता. मला इतका आनंद झाला की काच हातातून पडता पडता वाचली. गेला! एकदाची पीडा गेली! मी धावत जाऊन प्रफुलचे खांदे धरले.

"बघ, गेला तो. ऐकतोस का? आता हल. माझ्यासाठी हल ना रे!"

त्याने ऐकलं. खूप खोलातून ऐकल्यासारखं त्याचं लक्ष माझ्याकडे आलं, डोळ्यांत ओळख आली, आणि त्याने उजवा हात माझ्याकडे उचलला.

काय दिसलं ते मी नीट सांगू शकत नाही. अंधारात फोटो काढताना गिऱ्हाइकाने हात हलवला की फोटोत तो हात कुठेच नसतो, नुसती वाफ असते. तसं झालं. मांडीवर हात उरला नाही आणि माझ्यापर्यंत पोचलाही नाही. पाठोपाठ खांदा. माझ्या बोटांखाली त्याचा शर्ट होता आणि मग गार हवा. मी घाबरून हात काढून घेतला.

तेवढ्यात पडद्यामागे फरशीवर ओली पावलं वाजली.

"टीना."

प्रफुलचाच आवाज. इतक्या दिवसांनी खणखणीत. कुठल्या बाईने त्या हाकेकडे बघितलं नसतं? मी बघितलं. परत मान वळवली तर स्टूल रिकामं होतं, आणि अजून थोडं फिरत होतं.

पडदा सारून प्रफुल बाहेर आला. केस ओले, टॉवेलने डोकं पुसत. चेहरा तोच, दात तेच, भुवईवरची लहानपणची खोकही तीच. माझ्याकडे बघून छान हसला.

"काऊन वो," तो म्हणाला, "अशी काऊन पाहून राहिलीस?"

मी वाट पाहिली, आता डोळा मारेल, आता चिडवेल. तो चिडवत नव्हता.

७

सगळे खूश आहेत. सासूबाईंनी सत्यनारायण घातला. गिऱ्हाईक म्हणतात, प्रफुलभाऊ आता किती प्रेमाने बोलतात, अगदी आपल्यासारखे. कामाला वाघ झालाय. पहाटे उठतो, दुकान झाडतो, मग पायी गावच्या तलावाकडे जातो, पाळीवरून येरझाऱ्या घालतो. बसलेला मी त्याला पाहिला नाही. माझ्याशी वाईट वागत नाही, उलट जपतो. त्याने कपाळावर हात ठेवला की मला रडू येतं, कारण तो हात प्रफुलचा आहे आणि खारट आहे.

आधारचा फोटो बदलायचा म्हणून मी त्याला स्टुलावर बसवलं. "हलू नको" म्हटलं. तो शहाण्या मुलासारखा गप्प बसला. पुन्हा पुन्हा काढला. कॅमेरा ठीक आहे, त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे फोटो स्वच्छ आले. त्याच्या जागी निळ्या पडद्यासमोर नुसता धूर येतो.

"राहू दे वो," तो म्हणाला. "आन् त्या काचा फोडून टाक ना. कायले ठेवल्या?"

फोडल्या म्हणून सांगितलं. पेटीतल्या बाकीच्या खरंच फोडल्या, त्याच्या समोर. एक तांदळाच्या कोठीत आहे.

तो पाळीवर गेला की मी ती काढते. धक्क्याच्या टोकाला माणूस उभा आहे. चौकटीचा हाफ शर्ट, मान डावीकडे किंचित कललेली. सासऱ्यांचं भिंग लावलं की चेहरा दिसतो, पूर्ण. दुहेरी डोलकाठ्या आणि सायीच्या पाण्यात तो एकटा कोरल्यासारखा आहे, आणि त्याचे डोळे उघडे आहेत. त्याने किती वेळ श्वास धरला असेल, या विचाराने माझाच जीव गुदमरतो. मूर्ख बाई मी. तिथे हललेल्या माणसाचं काय होतं हे मीच त्याला शिकवलं होतं, आणि मीच महिनाभर त्याच्या कानाशी ओरडत होते.

काल उजव्या हाताची बोटं धुरकट दिसली. आज मनगटापर्यंत. मी हल म्हटल्यावर उचललेला तो हात त्याला अजून पुरा उचलायचा आहे. माझ्यापर्यंत यायचंय त्याला.

मी काचेला तोंड लावलं. दिवसभर परक्यांना सांगते तेच सांगितलं, फक्त कुजबुजत. "हलू नको. प्रफुल, माझ्या राजा, हलू नको."

मागे दारात ओली पावलं थांबली.

"मी कुठी हलून राहिलो वो?" तो प्रेमाने म्हणाला.

मी काच ओढणीखाली घेतली आणि वळून त्याच्याकडे बघून हसले.